दहा रुपयांची थाळी, चाळीस रुपयांची वाट

आमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मागच्या फाटकासमोर, रक्ततपासणीच्या दोन लॅब आणि एक झेरॉक्सचे दुकान यांच्यामध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये एक शिवभोजन केंद्र, म्हणजे राज्य शासनाच्या दहा रुपयांत थाळी देणाऱ्या योजनेचे ठिकाण, चालते. थोरला भाऊ त्या रुग्णालयात अठरा दिवस दाखल होता तेव्हा मी तिथे पहिल्यांदा जेवलो आणि तो घरी परतल्यावरही अधूनमधून जात राहिलो. वहीतल्या नोंदीप्रमाणे दीड वर्षात एकूण अकरा वेळा जेवलो. एक छोटी नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था हे केंद्र चालवते आणि स्वयंपाक तिच्याच एका महिला बचत गटाकडे आहे. लहान संस्थांचे हिशेब लिहिणे हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे थाळीतल्या वरणाबरोबर गल्ल्यामागच्या वहीकडेही नजर गेली. त्यामुळे हे परीक्षण निम्मे जेवणाचे आहे आणि निम्मे त्या जेवणाचे पैसे कोण, कधी आणि कसे देतो याचे आहे. केंद्राचे आणि शहराचे नाव लिहीत नाही, कारण बिले अडकलेली असताना आपले नाव कुठल्याही तक्रारीच्या मजकुरात दिसू नये, अशी संस्थेच्या कार्यवाह ताईंची विनंती आहे, आणि ती मला रास्त वाटते.

आधी थाळी. योजनेने तिचे वजन ठरवून दिले आहे: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भाताची एक मूद आणि १०० ग्रॅम वरण. ३० ग्रॅमची चपाती म्हणजे नेमकी केवढी, हे कणकेचा गोळा कधी तोलून न पाहिलेल्या माणसाला सांगून कळत नाही. मी घरी येऊन आमची पोळी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा ती ४५ ग्रॅम भरली. म्हणजे केंद्रातल्या दोन चपात्या मिळून घरच्या सव्वा पोळीहून जराच जास्त भरतात, आणि अंगमेहनत करणाऱ्या माणसाचे पोट त्यावर भरत नाही. ते भरते भातावर. भात मोकळा नसतो, किंचित चिकट असतो, पण वरणाशी कालवायला तोच बरा. वरण अकरापैकी नऊ वेळा चांगले होते, हिंगाचा आणि जिऱ्याचा वास ताट समोर येण्याआधी येत असे. दोनदा मीठ विसरले होते. भाज्यांमध्ये मटकीची उसळ उत्तम, चणाडाळ घातलेला दुधी चांगला, आणि कोबी-बटाटा मात्र अशा बेचव पातळीवरचा की रुग्णालयाच्या आतले जेवणच बाहेर आणून वाढले की काय, अशी शंका यावी. तिखट सगळीकडे बेताचे, कारण खाणाऱ्यांत म्हातारी माणसे अधिक. कांदा स्वस्त असला की ताटाच्या कडेला एक फोड मिळते. ती योजनेत नाही, गटातल्या बायकांच्या मनात आहे.

पाऊण वाजेपर्यंत चपात्या तव्यावरून येतात, त्यानंतर डब्यातून येतात आणि डब्यातल्या चपात्या वातड लागतात. ही माझी जेवणाबद्दलची मुख्य तक्रार. दुसरी तक्रार बाकांची: ते इतके अरुंद आहेत की शेजारच्याने कोपर उचलले की आपले वरण सांडते. ताटे स्टीलची, कप्प्यांची, आणि स्वच्छ घासलेली. हात धुवायला नळ आहे, साबणही आहे, आणि बेसिनच्या वर आरसा आहे, ज्यात रात्रभर वॉर्डाबाहेर जागलेली माणसे आपला चेहरा पाहून क्षणभर थबकतात. समोरच्या खानावळीत राइस प्लेट ९० रुपयांना मिळते आणि तिच्यात पापड, लोणचे, ताक असे सगळे असते. पण रुग्णाला आत जेवण मिळते आणि त्याच्याजवळ बसलेल्याला मिळत नाही. तो माणूस दोन वेळचे १८० रुपये किती दिवस देणार, या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे केंद्र उभे आहे, आणि त्या कसोटीवर दहा रुपयांत मिळणाऱ्या या ताटाला मी पाचापैकी चार देईन.

मी स्वतः तिथे जेवावे का, हा प्रश्न मला पडला होता. ही सवलत गरीब आणि गरजू माणसांसाठी आहे, आणि माझे बरे चालले आहे. भाऊ दाखल असताना मी रुग्णाचा नातेवाईकच होतो, त्यामुळे तेव्हा संकोच वाटला नाही; नंतर मात्र मी रांग ओसरल्यावर, ताटे उरली असतील तरच बसायचो आणि उठताना संस्थेच्या देणगी पावतीवर शंभर रुपये देऊन यायचो. कार्यवाह ताईंनी प्रत्येक वेळी पावती फाडलीच, एकदाही राहू दे म्हणू दिले नाही. हिशेबनीस म्हणून मला या संस्थेविषयी आदर वाटायला लागला तो तिथून.

दहा रुपये दिल्यावर थेट ताट मिळत नाही. आधी फोटो. प्रत्येक जेवणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र शिवभोजनाच्या ॲपवर चढवावे लागते, आणि शासन पैसे देते ते ॲपवर मोजल्या गेलेल्या थाळ्यांचे. गटातली सर्वात तरुण बाई हे काम करते. तिला सगळे फोटोवाली म्हणतात. ‘काका, इकडं बघा, मान जरा वर,’ असे ती दुपारभरात शंभर वेळा म्हणते. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका आजींनी आधी पदर डोक्यावरून घेतला, कुंकू जागेवर आहे ना ते बोटाने चाचपले, आणि मग पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. हे पाहताना गंमतही वाटली आणि थोडे ओशाळल्यासारखेही झाले. भुकेल्या माणसाने जेवायच्या आधी चेहऱ्याचा पुरावा द्यावा, हे काही फार शोभेचे दृश्य नाही. पण राज्यात काही ठिकाणी एकच फोटो पुन्हा पुन्हा चढवून थाळ्या फुगवल्याच्या तक्रारी झालेल्या आहेत, हेही तितकेच खरे. केंद्रात सीसीटीव्ही कॅमेरा लावावा लागला तोही याच संशयापोटी. स्वयंसेवी संस्था म्हटली की ती चोखच असणार, असे मानण्याचे दिवस माझ्यापुरते तरी कधीच संपले आहेत. बावीस वर्षांत मी कोऱ्या व्हाउचरवरच्या सह्याही पाहिल्या आहेत.

मात्र पडताळणीची जोखीम कोणावर टाकली आहे, तेही पाहायला हवे. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिथे मोबाइलचे नेटवर्क मंदावते आणि फोटो चढता चढत नाही. अशा वेळी रांगेतल्या माणसाला थांबवायचे की बसवायचे, हे फोटोवालीला ठरवावे लागते. ती बसवते. तो माणूस जेवून निघून जातो, ती मागून प्रयत्न करीत राहते, आणि कधी कधी तो फोटो चढतच नाही. त्या थाळीची डाळ शिजली, चपाती भाजली गेली, माणूस तृप्त होऊन गेला. हिशेबात मात्र ती थाळी वाढलीच गेली नाही. अशा थाळ्यांसाठी तिने वहीत एक वेगळे पान ठेवले आहे. मी पाहिले तेव्हा त्या महिन्याच्या पानावर सतरा रेघा होत्या.

आता चाळीस रुपयांविषयी. ही योजना २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली, तेव्हा थाळीची किंमत शहरी भागात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आली. त्यातले दहा रुपये जेवणारा देतो, उरलेले शहरात ४० आणि ग्रामीण भागात २५ रुपये शासन केंद्रचालकाला देते. चालक म्हणून खानावळ, भोजनालय, मेस, महिला बचत गट, स्वयंसेवी संस्था यांपैकी कोणालाही अर्ज करता येत होता. एका केंद्राला रोज कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त १५० थाळ्या, आणि एका वेळी किमान २५ माणसे बसतील एवढी जागा, अशा अटी होत्या. टाळेबंदीत थाळी पाच रुपयांवर आणली गेली, २०२१ च्या एप्रिलपासून काही महिने ती पूर्णपणे मोफत होती, आणि बांधून नेण्याचीही मुभा मिळाली. त्या काळात या केंद्रांनी जे केले त्याची योग्य नोंद कुठे झाली असे मला वाटत नाही. रस्त्यावरची सगळी हॉटेले बंद असताना रुग्णालयांच्या आणि एसटी स्थानकांच्या आसपास शिजलेले अन्न मिळण्याचे ठिकाण अनेकांना हेच होते.

आमच्या केंद्राचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला आकडा, रोज १०० थाळ्यांचा. म्हणजे गल्ल्यात दररोज एक हजार रुपये येतात आणि शासनाकडून चार हजार येणे होतात. महिन्याचे तीस हजार रोख आणि एक लाख वीस हजार येणे. स्वयंपाकाला आणि वाढायला पाच बायका आहेत, प्रत्येकीला दिवसाला अडीचशे रुपये. त्यामुळे रोजच्या रोकडीतून त्यांची मजुरीसुद्धा भागत नाही, रोज अडीचशे रुपये कमीच पडतात. डाळ, तांदूळ, कणीक, तेल, गॅस, शेडचे भाडे आणि वीज हे सगळे त्या न आलेल्या चाळीस रुपयांच्या भरवशावर चालते. मी पाहिले तेव्हा वहीत पाच महिन्यांची बाकी होती, म्हणजे सहा लाख रुपये. २०२५ मध्ये राज्यभरातले केंद्रचालक थकीत अनुदानासाठी तक्रारी करीत होते, तेव्हा ही एकट्या या केंद्राची गोष्ट नव्हे.

ही सहा लाखांची पोकळी भरतो कोण, तर मुख्यतः किराणा दुकानदार. त्याची वही निराळी आहे, तिच्यावर ताईंची सही आहे, आणि उधारीचा माल म्हणून तो किलोमागे दोन-तीन रुपये जास्त लावतो, जे त्याच्या बाजूने चूकही म्हणता येणार नाही. गॅसवाला उधारी देत नाही. म्हणून गॅससाठी बचत गटाने आपल्याच साठलेल्या पैशांतून एक लाख रुपये अंतर्गत कर्ज म्हणून संस्थेला दिले, महिना दोन टक्क्यांनी, कारण गटाचा नियम सगळ्यांना सारखा असतो. त्याचे व्याज महिन्याला दोन हजार, म्हणजे पन्नास थाळ्यांचे अनुदान. दुसऱ्या शब्दांत, महिन्यातला अर्धा दिवस हे केंद्र फक्त व्याजासाठी स्वयंपाक करते. आणि धुणीभांडी करून आठवड्याला पन्नास रुपये बाजूला टाकणाऱ्या बायकांनी शासनाच्या योजनेला भांडवल पुरवले आहे, ही गोष्ट कुठल्याही कागदावर येत नाही, कारण तिच्यासाठी कागदावर रकानाच नाही.

यात कोणी एक माणूस वाईट वागतो आहे, असे मला दिसले नाही. बिल वेळेवर जाते, तालुक्यावरून वर जाते, तपासले जाते, आणि मग तरतूद आलेली नाही, असे कळते. तरतूद आली तर ती अर्ध्या रकमेची असते आणि आधी कोणाचे काढायचे, हा प्रश्न उरतो. मार्चअखेरीला अचानक दोन महिन्यांचे पैसे एकदम जमा होतात, एप्रिलमध्ये पुन्हा शुकशुकाट. माझ्या व्यवसायात हे चक्र नवे नाही. बालगृहे आणि वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थांचे हिशेब मी पाहतो. परिपोषण अनुदान दोन-दोन वर्षे न येणे आणि तोवर संस्थाचालकांनी स्वतःची घरे गहाण टाकून मुलांना जेवू घालणे, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. एका कार्यालयात तर एका बिलाची प्रत मी तीनदा नेऊन दिली आणि तिन्ही वेळा पोच घेतली, तरी चौथ्यांदा तीच प्रत मागितली गेली. पोचपावत्या दाखवल्यावर तिथल्या लिपिकाने शांतपणे सांगितले की पोच त्यांच्याकडेही आहे, पण प्रत सापडत नाही.

माझ्या मते सगळा घोटाळा एका शब्दात आहे: अनुदान. चाळीस रुपये हे अनुदान कसे? शासनाने एका गरीब माणसाला दुपारचे जेवण द्यायचे ठरवले, ते स्वतः न शिजवता एका संस्थेकडून ठरलेल्या दराने, ठरलेल्या वजनाने, मोजून घेतले. जेवण वाढले गेले, फोटो चढला, मोजणी झाली. याला साध्या भाषेत बिल म्हणतात. रस्त्याचा ठेकेदार जे सादर करतो तेही बिलच असते, आणि ते थकले तर तो काम थांबवतो, न्यायालयात जातो, निदान ओरडतो तरी. (ठेकेदारांचीही बिले थकतात, हे मान्य, पण ती थकली आहेत, असे तरी सगळे म्हणतात.) अनुदान म्हटले की देणाऱ्याची मर्जी आली, उपकार आला आणि ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे दोन शब्द आले. घेणाऱ्यानेही मग मागणी न करता विनंती करायची, आणि विनंतीअर्जाच्या शेवटी आपला नम्र लिहायचे.

भागीदारी या शब्दाचे तर याहून विचित्र झाले आहे. स्वयंसेवी क्षेत्राविषयीचे राष्ट्रीय धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने २००७ च्या मे महिन्यात मंजूर केले. त्यात शासन आणि संस्था यांनी परस्पर विश्वास, परस्पर आदर आणि वाटून घेतलेली जबाबदारी या पायावर काम करावे, असे म्हटले आहे, आणि सल्लामसलत, धोरणात्मक सहकार्य आणि प्रकल्पांना अर्थसाहाय्य अशा तीन वाटा सांगितल्या आहेत. धोरणाचा मसुदा चांगला आहे; मी तो संस्थांच्या प्रशिक्षणात वाचून दाखवत असे. शिवभोजन केंद्राच्या बाबतीत त्यातली तिसरी वाट वापरली गेली, पहिल्या दोन राहिल्या. थाळीचा दर २०२० च्या जानेवारीत ठरला आणि मी पाहिलेली बिले त्याच दराने लावलेली होती. मधल्या काळात तेल, डाळ आणि व्यावसायिक सिलिंडरचे काय झाले, हे कोणाही गृहिणीला विचारावे. दर ठरवताना ताईंना कोणी बोलावले नव्हते, आणि पाच वर्षांनी तो परवडतो का, हेही कोणी विचारले नाही.

शासनाने स्वयंसेवी संस्थांना पैसा देण्याची पद्धतशीर सुरुवात १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा झाली. दुर्गाबाई देशमुख या त्याच्या पहिल्या अध्यक्षा, आणि त्यांचे पती चिंतामणराव देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री. खर्च करणारे मंडळ आणि तिजोरीची किल्ली एकाच घरात असण्याचा तो योग पुन्हा आला नाही. तेव्हा तरी फाइल लवकर हलत असावी, असे मनात येते.

आमच्याकडे स्वस्त जेवणाचे प्रयोग पूर्वीही झाले आहेत. १९९५ मध्ये युतीच्या शासनाने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. ती कल्पना लोकांना आवडली, पण पुढे सवलत गेली आणि मोक्याच्या जागांवरचे स्टॉल उरले, ज्यांत झुणका सोडून बाकी सगळे मिळू लागले. त्या अनुभवामुळेच बहुधा शिवभोजनाच्या वेळी जागा चालकाची आणि पैसे थाळ्या मोजून, असा उलटा मार्ग धरला गेला, आणि त्यात शहाणपण होते. चेन्नईत २०१३ मध्ये सुरू झालेल्या अम्मा उणवगम उपाहारगृहांची रचना आणखी निराळी आहे. तिथेही बचत गटांच्या बायकाच रांधतात, पण धान्य-भाजी महापालिका पुरवते आणि बायकांना रोजची ठरलेली मजुरी मिळते. तिथे तोटा झाला तर तो महापालिकेच्या खात्यात दिसतो आणि त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा होते. आपल्याकडे तोटा किराणा दुकानाच्या वहीत दिसतो, आणि तिथे पत्रकार जात नाहीत.

पुण्यात हमाल पंचायतीची कष्टाची भाकर हे तिसरे उदाहरण. बाबा आढावांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात सुरू झालेला हा उपक्रम ना नफा ना तोटा या तत्त्वावर आणि सरकारी अनुदानाविना चालत आला. मी तिथे अनेकदा जेवलो आहे, भाकरीही उत्तम असते. पण ते उदाहरण देऊन संस्थांनी शासनाकडे हात का पसरावा, असे विचारणाऱ्यांशी माझे जमत नाही. कष्टाच्या भाकरीमागे हमालांची भक्कम संघटना आहे आणि तिथे जेवणारा माणूस रोज कमावणारा आहे. रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या माणसाची त्या आठवड्याची कमाई बुडालेली असते, आणि पेशंटच्या नातेवाइकांची संघटना कधी होत नाही, कारण ते पंधरा दिवसांत गावी परततात किंवा परततच नाहीत. तिथे कोणीतरी चाळीस रुपये घालावेच लागतात. ते कोणी घालायचे, हे ठरलेले आहे. प्रश्न फक्त कधीचा.

संस्थेच्याही चुका आहेत आणि त्या मी ताईंना तोंडावर सांगितल्या. अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फलक केंद्राच्या दर्शनी भागावर चार महिने लटकत होता, आणि दरफलक त्याच्यामागे झाकला गेला होता. केंद्राचा आणि संस्थेच्या इतर कामांचा पैसा एकाच बँक खात्यात होता, त्यामुळे केंद्राला नेमका किती तोटा झाला, हे वर्षअखेरीपर्यंत कळत नसे. बायकांची मजुरीही बाकी आल्यावर चुकती करू, या बोलीवर थकवलेली होती. शासनाने जे संस्थेशी केले तेच संस्थेने गटाशी केले, फक्त प्रेमाने. हे बोलल्यावर ताई बराच वेळ गप्प बसल्या. नंतरच्या खेपेला फलक उतरला होता, स्वतंत्र खाते उघडले होते, आणि मजुरी दर शनिवारी देण्याचे ठरले होते. मजुरीचे पैसे त्यांनी स्वतःच्या मुदत ठेवीतून काढले, हे मला त्यांनी सांगितले नाही, फोटोवालीने सांगितले.

योजनेत काय बदलावे, असे मला कोणी विचारले तर माझी मागणी लहान आहे. केंद्र सुरू करतानाच दोन महिन्यांच्या बिलाएवढा फिरता निधी संस्थेच्या खात्यात ठेवावा. या केंद्रापुरता तो दोन लाख चाळीस हजार होतो. लघुउद्योगांच्या देयकांना २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा आणि उशिराला व्याज लावले आहे, तसेच कलम या चाळीस रुपयांनाही लावावे. आणि दर वर्षातून एकदा डाळ-तेलाच्या भावाशी ताडून पाहावा, तेव्हा टेबलाच्या एका बाजूला निदान दोन केंद्रचालक बायका बसलेल्या असाव्यात. फोटोची पद्धत राहिली तरी चालेल, पण नेटवर्क नसताना काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत चढवण्याची खात्रीची सोय हवी.

शेवटच्या खेपेला मी सव्वा वाजता पोहोचलो तेव्हा ताटे संपली होती. केंद्राने आपणहून थाळ्या शंभरावरून ७५ वर आणल्या होत्या, त्याहून खाली नियमाने जाता येत नाही. वरणात तुरीऐवजी निम्मी मसूर होती, हे मला पातेल्याच्या तळाशी उरलेल्या रंगावरून कळले. माझ्या पुढे एक तरुण उभा होता, हातात एक्स-रेचे मोठे पाकीट, बहुधा शहाहत्तरावा. गटातल्या थोरल्या मावशींनी त्याला बाकावर बसवले आणि स्वतःसाठी झाकून ठेवलेल्या डब्यातली भाजी-चपाती त्याच्यापुढे ठेवली. फोटो काढला नाही, पैसेही घेतले नाहीत. वहीच्या त्या वेगळ्या पानावर मात्र फोटोवालीने सवयीने एक रेघ ओढली, आणि मग लक्षात आल्यावर ती खोडली.

जाणाऱ्यांसाठी माहिती: केंद्र बारा वाजता उघडते, रविवारीही. चपाती गरम हवी असेल तर पहिल्या अर्ध्या तासात जावे आणि कोबीचा वार टाळावा. तो बहुधा गुरुवार असतो. दहाचे सुटे नाणे किंवा नोट जवळ ठेवावी, क्यूआर कोड लावलेला नाही. उरलेल्या थाळ्यांचा आकडा दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. बाजूच्या टेबलावर देणगीचे पावतीपुस्तक आहे, ते मागितल्याशिवाय कोणी पुढे करीत नाही.